मातीच्या जवळून

माघातली कोवळी, केशरकांती सकाळ अजिंक्यताऱ्याच्या खांद्यावरून उतरली आणि साताऱ्याच्या मैदानावर पसरली. उन्हाने दव टिपून घेतलेली लाल माती. मातीवर चुन्याच्या शुभ्र रेषा. रेषांमध्ये दहा अडथळे, एकामागे एक, निश्चल, उन्नतमस्तक.

दमयंती घोरपडे कठड्याशी उभ्या होत्या. तीस वर्षे त्यांनी मुलींना अडथळ्यांची शर्यत शिकवली होती. आज त्यांची उल्का राज्य संघाच्या निवडीसाठी धावणार होती. दोघींचीच निवड व्हायची होती, आणि आपल्या वयोगटातले तिचे हे अखेरचे वर्ष होते.

उल्का मूळची उंच उडीची. आकाशाची ओढ अजून तिच्या पायांतून गेली नव्हती. प्रत्येक अडथळ्यावर ती हरिणीसारखी उसळे, उत्तुंग, मनोहर. आणि त्या उंचीतच तिचे क्षण सांडत. बाईंनी कितीदा समजावले होते, की हवेत वेग मिळत नाही, वेग देते ती जमीन; झेप थोडी मागूनच घ्यावी, छाती मांडीवर झुकवावी, मागचा गुडघा काखेजवळून पुढे आणावा. तिला सारे कळे. पण अडथळ्याची फळी समोर आली, की भीती तिला वर उचले.

"मॅडम, इतक्या खालून गेले तर आपटेन मी," ती हळूच म्हणाली.

"आपटशीलही," बाई म्हणाल्या. "पण उडी मारायची नाहीये, उल्का. अडथळ्यावरून धावायचंय."

पिस्तूल वाजले. पहिला अडथळा, दुसरा, तिसरा. तीच उंच कमान, तेच सांडणारे क्षण. चार जणी पुढे गेल्या.

चौथ्यावर तिची टाच फळीला घासली. अडथळा थरथरला, आडवा झाला. उल्का पडली नाही. एवढेच? इतकेच ते भय?

आणि मग ती बदलली. तीन पावले, झेप. तीन पावले, झेप. देह कात्रीसारखा मिटे, उघडे. पाऊल लगेच मातीला भिडे. मस्तक मात्र एकाच पातळीवर, संथ नदीतून जाणाऱ्या दिव्यासारखे. एक मागे पडली, दुसरी मागे पडली. शेवटच्या फळीनंतर तिसरीही.

उल्का दुसरी आली.

बाईंना टाळ्या वाजवायचे सुचले नाही. जन्मभर शब्दांत सांगितलेली गोष्ट आज त्यांनी प्रथमच देहात पाहिली होती. रेषेपलीकडे उल्का अजून धावत होती, वळणावर मंदावत, उन्हात वितळत. आणि तिच्यामागे तांबूस धूळ हळूहळू, अगदी हळूहळू खाली बसत होती.