गाडी लागली

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे, कोल्हापुरातल्या एका दवाखान्याच्या अपघात विभागातली. शाहूपुरीतल्या एका बाईंडरने मेणाच्या दोऱ्याने मला शिवलं, पाठीला लाल कापड लावलं. आता ती शिवण सैल झाली आहे आणि कोपऱ्यावर आयोडीनचा डाग आहे.

माझ्याशेजारी संगणक बसतो. रस्त्यावरच्या प्रत्येक दुखापतीला तो एक सांकेतिक क्रमांक देतो. पायी जाणाऱ्याचा वेगळा, दुचाकीवाल्याचा वेगळा. पण तो क्रमांक उगवतो माझ्याच पानातून. माझी ओळ चुकली, की त्याचा आकडाही चुकला.

माझ्यात एक अरुंद रकाना आहे : 'त्या वेळी रुग्ण कोठे होता?' श्यामला सिस्टर प्रत्येक नव्या माणसाला बजावतात, "हा मोकळा ठेवायचा नाही."

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अनुजा नोंदणीवर नुकतीच रुजू झाली होती. भर दुपारी सम्राट नावाचा तरणा गडी आपल्या आत्तीला, बयाबाईंना, धरून आला.

"मॅडम, आत्तीला गाडी लागलीया. दोनदा ओकली."

"गाव कुठलं?"

"गडहिंग्लज."

एवढा एसटीचा प्रवास, वर हे ऊन! अनुजाने मान हलवली. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तिने लिहिलं, 'प्रवासाने मळमळ', संगणकाला तसाच क्रमांक दिला आणि म्हणाली, "तिकडच्या रांगेत बसा. लिंबू हुंगायला द्या."

बयाबाई बाकावर बसल्या. त्यांची मान हळूहळू कलायला लागली. मी पाहत होते, पण मला तोंड कुठं आहे? होता तो एक मोकळा रकाना. तोच माझा आवाज.

सिस्टरांनी जाता जाता पान पाहिलं.

"हा मोकळा का?"

"सिस्टर, गाडी लागली म्हणजे गाडीतच असणार ना!"

"विचारलंस?" सिस्टर वळल्या. "पावणं, आत्ती गाडीत कुठं बसल्या होत्या?"

"गाडीत? गाडीत कशाला बसतीया! हितं कोल्हापुरातच, कळंब्यात माझ्याकडं आलती. रस्ता वलांडताना मोटारसायकलनं उडवली की!"

"मग आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं की! गाडी लागली म्हणून!"

सिस्टरांचा हात बयाबाईंच्या अंबाड्याखाली गेला. तिथे लिंबाएवढं टेंगूळ होतं. मग स्ट्रेचर, स्कॅन, धावपळ. डोक्याच्या आत रक्त साकळत होतं. बाहेर येऊन डॉक्टर एवढंच म्हणाले, "अजून तासभर रांगेत बसल्या असत्या, तर हाती लागल्या नसत्या."

संध्याकाळी अनुजाने मला उघडलं. माझ्यात खाडाखोड करायची नसते. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालची अक्षरं दिसू द्यायची आणि शेजारी सही करायची. तिने रेघ मारली आणि शेजारी ठसठशीत सही केली. रिकाम्या रकान्यात तिने लिहिलं, 'रस्त्यावर, पायी.' संगणकातला क्रमांकही बदलला.

महिन्याने बयाबाई तपासणीला आल्या, डोक्यावर पदर, ओठांवर हसू. अनुजाचा गाल कुरवाळून म्हणाल्या, "पोरी, जल्मात कधी मला गाडी लागली न्हवती. लागली ती अशी लागली!" हसता हसता अनुजाने डोळे पुसले.

मित्रांनो, आता माझी चारच पानं उरली आहेत. मग मी कपाटात जाईन. मला वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा. माझ्यात शेकडो सुबक ओळी आहेत, पण मी मिरवते ती एकच, रेघ मारलेली. आणि 'गाडी लागली' म्हणत कुणी तुमच्या दारी आलं, तर लिंबू देण्याआधी एवढं नक्की विचारा : तेव्हा तुम्ही कुठं होता?