आकडा दोनदा वाचा

दातांच्या सरकारी दवाखान्यात मी अठरा वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काम करते, आणि लोकांची भीती घालवणं हे त्यातलं अर्धं काम. सरकारनं इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे दाताचे स्क्रू, घाऊक खरेदी केले आणि किंमत पावपट झाली. लोकांना आनंद व्हायचा, तर त्यांना शंकाच जास्त. तेव्हापासून माझ्या तोंडाचा पट्टा बंद नाही. "तुमच्या स्वतःच्या तोंडात बसवाल का?" असं एका शिंपीकाकांनी विचारलं, तेव्हा मी ठणकावून सांगितलं होतं, "डोळे झाकून."

आणि वर्षाच्या आत माझीच दाढ काढावी लागली आणि तिथे स्क्रू बसवायची वेळ आली. खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली. हाड सडेल, तोंड वाकडं होईल, जेवताना स्क्रू घशात जाईल, काय काय मनात यायचं. त्यात ताईनं तेल ओतलं. चपला घे स्वस्त, दात नको, पैसे मी देते, असं म्हणून तिनं मला काचेच्या दाराच्या खासगी दवाखान्याचा पत्ता दिला. मी गुपचूप शनिवारची वेळ घेतली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

शुक्रवारी शिंपीकाका आमच्याकडे बसवून घेतलेल्या इम्प्लांटच्या तपासणीला आले. बरोबर काकू. त्यांचा समोरचा दात पडलेला, त्यामुळे बोलताना तोंडावर हात. काका त्यांना सरकारी इम्प्लांट घे म्हणून महिनाभर सांगत होते आणि त्या काही केल्या तयार नव्हत्या. माझ्या हातात माझ्याच जबड्याचा एक्स-रे होता. तो कुणाचा, असं काकूंनी सहज विचारलं आणि माझाच, मलाही दात बसवायचाय, असं मी सांगून बसले.

"मग तुम्ही बसवाल तोच मी बसवीन," काकू म्हणाल्या.

वेळ मारून न्यायला मी काकांना विचारलं, माझ्या बोलण्यातलं तुम्हाला नेमकं काय पटलं होतं? चाचण्या की हमीपत्र?

"बोलणं कुठलं लक्षात राहतंय," काका म्हणाले. "माझ्या स्क्रूचं पाकीट फोडायच्या आधी तुम्ही त्यावरचा आकडा मोठ्यानं वाचलात, तोही दोनदा. एक अंक माझ्या केसपेपरशी जुळेना, तर डॉक्टरांचा हात धरलात आणि दुसरं पाकीट आणलंत. मीही कापड कापायच्या आधी दोनदा मोजतो."

त्या दिवशी डॉक्टर माझ्यावर चिडले होते, एवढंच मला आठवत होतं. संध्याकाळी मी शनिवारची वेळ रद्द केली. धीर आला म्हणून नव्हे. काकूंची नजर काही डोळ्यांसमोरून हलेना.

सोमवारी मी आमच्याच दवाखान्यात दिव्याखालच्या खुर्चीत बसले. दाढ काढली तेवढं सोडलं, तर इतक्या वर्षांत या बाजूला पहिल्यांदाच. जबडा बधिर, तोंडात कापूस. दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर बाकावर काका-काकू. माझ्या जागी दुसऱ्या विभागातल्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी पाकीट उचललं आणि न वाचताच फोडायला घेतलं.

मी घशातून आवाज काढला आणि त्यांचं मनगट गच्च धरलं. त्यांना वाटलं, दुखतंय. डॉक्टरांच्या मात्र लक्षात आलं.

"आकडा वाचा, सिस्टर. नाहीतर ह्या उठून जातील."

सिस्टरनी वाचला, डॉक्टरांनी कागद बघून तोच परत म्हटला. मी एक बोट वर केलं. त्यांनी पुन्हा वाचला. मग मी मनगट सोडलं. भीती काही गेली नाही. ड्रिल सुरू झालं तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण डोळे मी एकदाही झाकले नाहीत.

बाहेर आले तर काकू उठून समोर उभ्या राहिल्या. "भीती वाटली?"

अठरा वर्षांत भीतीच्या प्रश्नाला माझं एकच उत्तर असायचं, घाबरण्यासारखं काही नाही. या वेळी मी मान हलवून हो म्हटलं.

मग काकू तोंडावरचा हात खाली घेऊन म्हणाल्या, "लिहा माझं नाव."