तळहाताएवढा डोंगर

मी दाढीचं पातं बोलतोय. हसू नका! जन्मात एकाही गालाला लागलेलो नाही मी. पाकिटातले माझे चार भाऊ बाबांच्या दाढीत झिजून गेले. मला मात्र त्यांनी पितळी चौकटीत स्क्रूने आवळलं आणि कारखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत नेऊन उभं केलं.

बाबा दुर्बिणींचे मोठाले आरसे घासायचे, त्यांची लेक ते मोजायची. बारीक भोकातून आरशावर उजेड टाकायचा. परतलेला उजेड जिथे टिपक्याएवढा गोळा होतो, तिथे माझी धार हळूच सरकवायची आणि माझ्यामागे डोळा लावायचा. काच केसाच्या हजाराव्या भागाइतकी जरी वर-खाली असली, तरी सावली दिसायची. माझ्यापुढे लपवाछपवी चालायची नाही, सांगून ठेवतो!

दोन वर्षं घासलेला तो आरसा बाबांचा शेवटचा. त्या दुपारी शेवटचं मोजमाप होतं. बघतात तर काय, मधोमध सावलीचा डोंगर!

"काल तर नव्हता," लेक म्हणाली.

"आज आहे ना? आण पॉलिश. आत्ता उतरवतो."

"बाबा, तुम्ही काचेला हात लावलात?"

"जरा हात ठेवून उभा होतो. निरोप नको घ्यायला? त्यात काय बिघडलं?"

"हाताच्या उबेने काच फुगलीय. आता घासलीत, तर गार झाल्यावर तिथे खड्डा पडेल. दोन वर्षं पाण्यात जातील."

"मला शिकवतेस?" बाबा कडाडले. पण पॉलिशची वाटी त्यांनी खाली ठेवली. दोघं काच गार व्हायची वाट बघत स्टुलांवर बसले. माझा तर जीव टांगणीला लागला होता.

अर्ध्या तासाने तिने मला पुन्हा सरकवलं. डोंगर विरला होता. काच सगळीकडे एकसारखी करडी दिसत होती. बाबांनी कितीतरी वेळ बघितलं.

"कधी थांबायचं ते आता तूच सांगत जा," म्हणाले आणि तोंड धुवायला गेले.

आता लेसरचं यंत्र आलंय. मी खणात गंजतोय. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. तरी काच गरम असली की नवी मंडळी म्हणतात, "थांबा, अजून बाबांचा हात आहे." त्यांनी बाबांना पाहिलेलंसुद्धा नाही. लेक, म्हणजे आता सगळ्यांची ताई, तेव्हा स्टूल ओढून बसते.

ताई, मला एकदा बाहेर काढ गं. तुझा तळहात अगदी बाबांच्या वळणाचा आहे. तो काचेवर टेकव आणि मला समोर धर. डोंगर विरेपर्यंत आपण दोघं बसू. घाई कसली आहे आता?