तिळाएवढा दाणा

"गोविंदभोग बाई, दाणा तिळाएवढा
लेकीच्या वाढदिसा, वास गावाएवढा."

बराकपूरच्या स्वयंपाकघरात तांदळाला तूप चोळता चोळता विनीताची आई गुणगुणायची. चाल जात्यावरची, तांदूळ बंगालचा. वाढदिवसाला खजुराच्या नव्या गुळातली तांदळाची खीर, ही इथली रीत तिने शेजारणींकडून उचलली ती कायमची. विनीताच्या लग्नानंतरही दर पौषात तिचा डबा कोलकात्याच्या न्यू टाउनला यायचा. ऋषभला बायकोच्या वाढदिवसाची तारीख कधी लक्षात राहिली नाही. पण डबा आला की विनीताला तेवढं पुरायचं.

यंदा आई नव्हती. विनीताने ठरवलं, कुणाला आठवण करून द्यायची नाही. खीर मात्र व्हायलाच हवी, अगदी आईसारखी.

"ही काय कणी आणलीस?" सासूबाईंनी परातीत बोट फिरवलं. महिनाभर राहायला म्हणून आल्या होत्या, आणि पहिल्या दिवसापासून ओटा त्यांचाच होता. "कोंबड्या पाळायच्यात का?"

"हा तांदूळ बारीकच असतो, आई. दुधात मऊ होऊन मिळून येतो. बासमती सुटासुटा राहतो."

"शिकव मला! आमच्याकडे तांदळाची खीर श्राद्धाला करतात. आज कुणाचं आहे गं?"

विनीताचा डाव दुधात थबकला. मग पुन्हा फिरू लागला. तिने तमालपत्राचं पान दुधात सोडलं.

"खिरीत तमालपत्र? मसालेभात शिजवतेस की काय! वेलची घाल."

"नाही घालणार."

वेलचीची बाटली ओट्यावर आदळली. "बंगाल्यांत राहून तुझ्या आईने सगळं विसरून टाकलं, आणि तुला तर काही शिकवलंच नाही."

तांदूळ शिजून दूध आटत आलं होतं, साईला गुलाबी झाक चढली होती. सासूबाईंनी गुळाचा खडा उचलला आणि पातेल्यावर धरला. विनीताने त्यांचं मनगट पकडलं.

"उकळत्या दुधात नाही. फाटेल."

"हात सोड."

"आधी गूळ ठेवा."

दोघींच्या मधोमध नुसती वाफ. आवाज ऐकून ऋषभ दारात आला, एका कानात इअरफोन तसाच. "अरे, काय चाललंय? आईला नको असेल तर शेवयांची कर ना. खीर म्हणजे खीर."

विनीताने मनगट सोडलं. गॅस बंद केला.

"दर वर्षी आईचा डबा चाटूनपुसून खाल्लास, ऋषभ. कधी विचारलंस, तो नेमका त्याच दिवशी का येतो?"

ऋषभने इअरफोन काढला. "नवा गूळ निघतो म्हणून... ना?"

विनीता सासूबाईंकडे वळली. त्यांच्या मुठीतून गूळ तिने अलगद काढून घेतला.

"श्राद्ध कुणाचं नाही, आई. आज माझा वाढदिवस आहे. हा तांदूळ मी माझ्यासाठी निवडून आणलाय. आणि यातला चमचाभरही तुम्हा दोघांना मिळणार नाही."