एका घराची एक सही

श्रीनिवासराव मायदेवांच्या हातचा अर्ज म्हणजे अर्ज असे. खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी पत्रव्यवहार सांभाळला होता आणि निवृत्त झाल्यावर ते सगळं कसब मैत्रबन परिसर नागरिक समितीच्या पदरात टाकलं. विषय, संदर्भ, मुद्दे, 'आपला विश्वासू' आणि माहितीसाठी प्रती तीन ठिकाणी. कोथरूडच्या पलीकडच्या त्या नव्या वस्तीत रस्त्यावर दिवे आले ते या अर्जांनी, आणि कचऱ्याची गाडी वेळेवर येऊ लागली तीही. मायदेव हात धुऊन मागे लागले की साहेब स्वतः फोन करतात, असं लोक म्हणत. त्यावर श्रीनिवासराव 'छे छे' म्हणत, पण जरा थांबून म्हणत. तेवढ्यात समोरच्याला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणता येई.

समितीला एक नियम त्यांनीच घालून दिला होता. एका घराची एक सही. एकाच घरातल्या चौघांनी सह्या केल्या की अर्ज फुगतो आणि त्याचं वजन जातं, असं त्यांचं मत. भाडेकरूंना सही नाही, कारण ते आज आहेत, उद्या नाहीत. घराची सही म्हणजे नेमकी कोणाची, हे लिहून ठेवायची गरज कोणाला वाटली नाही. त्रेसष्ट घरांपैकी दोन घरं विधवांची होती, तेवढ्या दोनच सह्या बायकांच्या असत.

दोन हजार चार साली सोसायटीच्या फाटकासमोरचा बसथांबा समितीच्या डोळ्यांत खुपू लागला. हिंजवडीच्या कंपन्यांत लागलेली मुलं-मुली तिथं जमत. गळ्यात ओळखपत्राचे पट्टे, पाठीला सॅक. ती कठड्यावर बसत, चहाचे कागदी पेले बागेत टाकत, मोटारसायकली फाटकात आडव्या लावत. समितीतल्या तात्यारावांचं घर नेमकं थांब्यावर. "सकाळी सातपासून हिंदी ऐकून ऐकून माझी पूजा चुकते," असं ते प्रत्येक सभेत सांगत.

सभेत ठराव आला, थांबा चौकाच्या पलीकडे, पेट्रोल पंपापुढं हलवावा. तेवढ्यात मागून उत्कर्षा नावाची मुलगी उभी राहिली. अकोल्याची, तिसऱ्या मजल्यावर दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहणारी.

"अंकल, एक मिनिट. आमचं जाऊ द्या, आम्ही चालू. पण त्या ट्यूसडेच्या काकूंना विचारलं का? अकरा दहाच्या बसमध्ये असतात त्या. त्यांच्यानं चौक क्रॉस होणार नाही."

"कोण काकू?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"नाव नाही माहीत मला. मी सीट देते नं त्यांना. त्यांच्या पिशवीत डबा असतो, अन् एक पुस्तक असतं."

"आपण भाडेकरू ना?" तात्याराव म्हणाले. "मग बसा. उभं राहून पाय दुखतील."

सगळे हसले. श्रीनिवासरावही हसले. ते हसू पुढं त्यांना कायमचं सलणार होतं, पण त्या दिवशी ते छान मोकळं आलं. त्रेसष्ट सह्या झाल्या, अर्ज गेला आणि चार महिन्यांत थांबा हललासुद्धा. समितीनं पेढे वाटले.

त्यानंतर घरात एकच बदल झाला, आणि तो श्रीनिवासरावांना आवडला. मंगळवारी त्यांना गरम पोळी मिळू लागली. आधी मंगळवारी त्यांच्या पत्नी आनंदीबाई ताट झाकून कुठंशी जात आणि दुपारी चारला परत येत. कुठं, हे त्यांनी कधीतरी ऐकलं असावं, पण मंगळवार हा समितीच्या पत्रांचा दिवस. पत्र लिहिताना माणसाला दोन कान असतात याचा त्यांना विसर पडे. आता बायको मंगळवारी घरी असते, तर बरंच आहे की, असं मनाशी म्हणून त्यांनी पोळीवर तूप वाढून घेतलं. किती महिने? पुढं त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं, तर सात निघाले.

श्रावणातल्या एका मंगळवारी ते पत्राचा कागद संपला म्हणून अकरा वाजता मध्येच उठले आणि गॅलरीत गेले. आनंदीबाई बाहेर जायचं लुगडं नेसून, खांद्याला पिशवी अडकवून कठड्याशी उभ्या होत्या. खालून बस आली आणि न थांबता पुढं गेली. त्यांनी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली, मग पिशवी खुंटीला लावली आणि कणकेचा डबा काढला.

"कुठं निघाली होतीस?"

"कुठं नाही. सवय."

"कसली सवय?"

"सत्यशीलेकडे जायचे ना मी मंगळवारी. पाच वर्षं."

सत्यशीला नारायण पेठेतली, आनंदीबाईंची शाळेपासूनची मैत्रीण. एकटी, डोळे जवळजवळ गेलेले, कानही तसेच, त्यामुळे फोन कुचकामाचा. आनंदीबाई डबा नेत, मग तिच्या कानाशी बसून ग्रंथालयातली कादंबरी मोठ्यानं वाचत. बस फाटकासमोरून निघून थेट पेठेत जाई. गुडघे दुखत असूनही एवढ्यावर त्यांनी पाच वर्षं निभावून नेली होती.

"मग तू बोलली का नाहीस?" श्रीनिवासराव कळवळून म्हणाले. "सभेत तरी बोलायचंस."

"महिलांचे प्रश्न शेवटच्या विषयात असतात तुमच्या. दरवेळी वेळ संपतो."

"अगं, मग रिक्षा करायची!"

"धडधाकट माणसानं रिक्षात बसू नये, असं तुम्हीच म्हणता ना? आणि एकदा गेले होते मी नव्या थांब्यावर. दुभाजकाशी पोचले, तिथंच बसले. पुढं जाववेना आणि मागं यायचं तर पुन्हा गाड्या. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीनं हात धरून आणून सोडलं मला. तुम्ही आत पत्र लिहीत होतात."

म्हणजे ट्यूसडेच्या काकू. श्रीनिवासरावांना सभेतलं ते हसू आठवलं आणि स्वतःची अशी लाज वाटली की त्यांना बायकोकडे बघवेना. त्यांनी चपला घातल्या, खाली जाऊन रिक्षा आणली आणि आनंदीबाईंची पिशवी खुंटीवरून स्वतः काढली. डबा भरायला वेळ नव्हता. पुस्तक मात्र पिशवीतच होतं, सात महिने न परतवलेलं, मध्ये खुणेला बसचं तिकीट.

वाटेत आनंदीबाई बऱ्याच दिवसांनी बोलत होत्या. सत्या आधी रुसेल, मग विचारेल की त्या नायिकेचं पुढं काय झालं. मी पुढचं वाचलेलं नाही, तिच्याशिवाय वाचायचं नाही असं ठरलंय. श्रीनिवासराव नुसते हूं हूं करत होते. आपण वेळेत निघालो, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या मजल्यावर कुलूप होतं.

शेजारची बाई दार उघडून बाहेर आली. "आनंदीताई का? अहो, त्यांना पुतण्या घेऊन गेला. आमोद, बंगळूरचा. पंधरा दिवस झाले."

"अशी कशी गेली?" आनंदीबाई म्हणाल्या. "पाच वर्षं तो बोलावत होता, ती नाहीच म्हणत होती."

"म्हणत होत्या खऱ्या. तुम्ही माझ्या फोनवर दिलेले निरोप मी दोन्ही वेळा दिले त्यांना, गुडघे बरे झाले की येते म्हणून. मंगळवारी खिडकीशी खुर्ची लावून बसायच्या. दिसत नव्हतं काही, तरी बसायच्या. मग एकदा म्हणाल्या, मंगळवारच नाही, तर इथं काय आणि बंगळूरला काय. आणि त्याला हो म्हणाल्या."

आनंदीबाईंनी पुस्तक पिशवीतून काढलं, कुलपाकडे पाहिलं आणि परत आत ठेवलं. जिना उतरताना त्यांनी श्रीनिवासरावांचा हात धरला नाही, कठडा धरला.

श्रीनिवासराव दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. विषय: बसथांबा पूर्ववत करणेबाबत. मुद्दे पाच, प्रती तीन. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दोन ओळींचं, अगदी सभ्य. सदर थांबा आपल्याच समितीच्या मागणीवरून हलवण्यात आला आहे. सोबत अर्जाची छायाप्रत. स्वतःचं ते वळणदार अक्षर आणि खाली त्रेसष्ट सह्या, पहिली सही त्यांची.

मग ते वही घेऊन दारोदार फिरले. लोकांनी चहा पाजला, सही दिली नाही. तात्याराव म्हणाले, "मायदेव, तुमचा अर्ज एवढा पक्का होता की तो आता तुम्हालाही हलवायचा नाही." उत्कर्षा सही करायला स्वतःहून वर आली होती. त्यांनी तिला नियम सांगितला नाही, वही पुढं केली. तिच्या आधी वहीत एकच नाव होतं.

पुढच्या मंगळवारी दुपारी त्यांनी ती वही स्वयंपाकघरात नेली आणि ओट्यावर पीठ नव्हतं तिथं उघडून ठेवली. शेजारी पेन ठेवलं. चाळीस वर्षांच्या संसारात आनंदीबाईंची सही त्यांनी कधी मागितली नव्हती. गॅस सिलिंडरच्या कागदावरसुद्धा नाही.

"इथं सही कर," ते म्हणाले. "तुझी. मी आधी विचारायला हवं होतं. चुकलो मी, आनंदी."

आनंदीबाईंनी हात पुसले, वही वाचली, पाचही मुद्दे वाचले. मग ती मिटून त्यांच्या हातात दिली. आवाजात राग नव्हता. राग असता तर श्रीनिवासरावांना बरं वाटलं असतं.

"एका घराची एक सही ना? तुमची झालीय की. आणि मला आता कुठं जायचंय?"

त्यांनी तव्यावरची पोळी काढली, ताटात वाढली आणि तूप पुढं केलं. श्रीनिवासराव बसले. पोळी गरम होती.