मुंगीच्या खुंट्या

मुंगीचा फोन आला तेव्हा मी एका गोदामात ट्रकच्या वजनकाट्यासमोर बसलो होतो. काट्याचा प्रोग्राम बदलून झाला होता आणि तपासनीस त्यावर शिशाचं सील मारत होता. मुंगी म्हणजे माझी मेहुणी. अंगाने एवढीशी आणि एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हिने तिला लहानपणीच ते नाव ठेवलं. ही म्हणजे माझी बायको. मुंगीने सांगितलं की ताई ऑफिसच्या जिन्यात पडली, तिला दवाखान्यात नेलं आणि आता डॉक्टर येऊन बोलून गेले. मग म्हणाली, "भावजी, ती राहिली नाही." तपासनिसाने कागद पुढे केला. मी सही केली. ती माझ्या नेहमीच्या सहीसारखी दिसत नाही, पण माझीच आहे.

मुंगीला जन्मापासून दिसत नाही. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला कागद असतो, डोस किती, कधी घ्यायचा, कोणी घेऊ नये, त्याचं ती भाषांतर करते. हिने तिच्यासाठी एक एडिटर लिहिला होता, म्हणजे संगणकावर मजकूर लिहायचा आणि सुधारायचा प्रोग्राम. तो बोलायचा. मूळ कागदावरचा डोस आणि मुंगीने लिहिलेला डोस जुळला नाही की टुक असा आवाज करायचा. त्या टुकच्या जोरावर मुंगी डोळस सहकाऱ्यांच्या पुढे असायची, आणि तसं त्यांना ऐकवायचीही.

ही गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मुंगीच्या ऑफिसने सगळे संगणक बदलले. नव्या संगणकावर हिचा एडिटर सुरूच होईना. मी उघडून पाहिलं. तो ज्या सॉफ्टवेअरच्या पायावर उभा होता, ते बनवणाऱ्यांनीच केव्हाच सोडून दिलं होतं. ऑफिसने मुंगीला सगळ्यांचा साधा एडिटर आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम दिला. त्यात तिचा वेग निम्म्यावर आला आणि डोसाची एक चूक छपाईपर्यंत गेली. तिच्या मॅनेजर बाई वाईट नव्हत्या. पण महिनाअखेरपर्यंत काम पूर्वीसारखं झालं नाही तर स्वागतकक्षात फोन घ्यायला बसावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुंगी मला म्हणाली की तिला फोनवर गोड बोलायला बसवलं तर कंपनी आठवड्यात बुडेल.

मी म्हटलं, नवा एडिटर मी लिहितो. आयुष्यभर काट्यांचे प्रोग्राम लिहिले, मजकूर काय वजनापेक्षा जड असतो का?

माहिती शोधायला बसलो. मजकूर साठवायचा कसा, हे लवकर सापडलं. जुन्या इंजिनिअरांनी त्यावर सरळ लेख लिहून ठेवले आहेत. मूळ मजकूर हलवायचा नाही, नवं लिहिलेलं बाजूला ठेवायचं आणि कोणता तुकडा कुठून उचलायचा एवढंच लक्षात ठेवायचं. मला ते पटलं आणि पहिल्याच झटक्यात जमलं. पण वापरणाऱ्याला आपल्या सोयीची भर घालता येईल असा एडिटर कसा रचायचा, हे शोधायला गेलं की जिकडेतिकडे कोणता एडिटर श्रेष्ठ यावरून हमरीतुमरी. मी तो नाद सोडला. भर घालायला मी होतोच. मुंगी सांगेल ते आत घालायचं.

मुंगी सांगू लागली. डोसाचा टुक घातला. मग लहान मुलांचे डोस वजनावर असतात, तो हिशोब घातला. मग 'घेऊ नये' अशी नकाराची वाक्यं जाड आवाजात हवी होती. एक सांधावं तर तेरा तुटावीत अशी गत झाली, तरी मी हटलो नाही. शेवटी तीच म्हणाली, "भावजी, प्रत्येक टुकसाठी मी तुम्हाला फोन करायचा का?"

"कर की."

"आणि तुम्ही गोदामात असलात, तापाने पडलात?"

मी विचारलं की जुन्या एडिटरमधले आवाज ही कधी घालायची. मुंगी म्हणाली की ताईने फक्त पहिला करून दाखवला. बाकीचे सगळे मुंगीने स्वतः लिहिले होते. मला हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तंत्रशिक्षण कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालांनी माझं ऐकून चष्मा वर केला. म्हणाले, एडिटर वापरायचा कसा, ही पुस्तकं नेणारे ढीगभर. रचायचा कसा यावर आमच्याकडे एकच चांगलं पुस्तक आहे, आणि ते एका बाईंनी नेलंय. फार दिवस झाले, आठवणपत्रांनाही उत्तर नाही. त्यांनी पत्ता वाचला. पत्ता माझाच होता. आठवणपत्रं हिच्या नावाची म्हणून मी न उघडताच ठेवली होती.

घरात पुस्तक नव्हतं. मुंगीला फोन केला.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "ताई मला वाचून दाखवायची. मी रेकॉर्ड करून ठेवलंय. तुम्हाला सांगणार होते, पण तुमच्यासमोर लावायचा धीर होईना."

रविवारी दुपारी तिच्या स्वयंपाकघरात आम्ही ते लावलं. हिला सर्दी झाली होती. भराभर वाचत होती, मध्येच लेखकाने हे वाक्य पानं भरायला लांबवलंय असं म्हणत होती, मध्येच गॅस बंद करायला सांगत होती. मग एका जागी ती थांबली.

"आता नीट ऐक, मुंगे. गाभा लहान ठेवायचा. आपण फक्त भिंत उभी करायची आणि खुंट्या ठोकायच्या. त्यावर कोण काय टांगेल ते आज आपल्याला कसं कळणार? माझ्या जागी तुझे भावजी असते ना, तर भिंतीला सील मारून मोकळे झाले असते."

मुंगी आधी हसली, मग मी. नंतर तिने ते बंद केलं आणि चहा ठेवला.

घरी येऊन मी लिहिलेलं निम्मं काढून टाकलं. वाईट वाटलं नाही. चूक कुठे होती ते स्पष्ट दिसत होतं. आता फक्त खुंट्या ठोकल्या, म्हणजे मुंगीला आपल्या सूचना टांगता येतील अशा जागा. एक अक्षर उमटलं की एक खुंटी, ओळ बोलण्याआधी एक, मजकूर जतन करण्याआधी एक. मुंगीला प्रत्येक खुंटीची जागा सांगितली. तिने पहिला टुक स्वतः टांगला आणि तो वाजला तेव्हा मला फोनवर ऐकवला. मी लिहिलेल्यापेक्षा तो चांगला होता.

महिनाअखेरीला मॅनेजर बाई तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. मी दाराशी होतो. अर्धा कागद झाल्यावर त्यांनी विचारलं की औषध किती अंश तापमानात ठेवायचं, तो आकडा चुकला तर हे ओरडेल का. मुंगी म्हणाली, आत्ता नाही ओरडणार, जरा थांबा. त्यांच्यासमोर तिने काही ओळी लिहिल्या, टांगल्या, आणि मुद्दाम चुकीचा आकडा टाकला. टुक. माझ्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. बाई म्हणाल्या, तुमची खुर्ची इथेच राहू दे.

ग्रंथपालांना मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी पुस्तक माझ्या नावावर केलं आणि वाचून झालं की आणा म्हणाले. मी सगळं वाचलंय. रेकॉर्डिंग शेवटच्या प्रकरणाआधी संपतं. त्या प्रकरणात लिहिलंय की भिंत बदलावी लागली तरी आधी टांगलेलं सगळं नव्या भिंतीवर कसं टिकवायचं. हे संगणकही कधीतरी बदलतीलच, आणि तेव्हा मुंगीचं माझ्यावाचून अडू नये.

ती म्हणते, तुम्ही वाचा, मी रेकॉर्ड करते. मी म्हटलं, माझं वाचन म्हणजे काट्याची कोरडी पावती. ती म्हणाली, चालेल.

ते प्रकरण मुंगीला वाचून दाखवायचं अजून राहिलंय.