भिंतीला न ठोकलेली तिजोरी

माझ्या थोरल्याला वाटतं, देवाने सगळी अक्कल एकट्या त्यालाच वाटली. मी आपली जोखीम तीन ठिकाणी ठेवायचे. घराचं खत गादीखाली, पाटल्या पिठाच्या डब्यात, विम्याचे कागद ट्रंकेत. तो हसला, बटणांची तिजोरी घेऊन आला आणि सगळं तीत कोंबलं. मिस्त्री म्हणाला, "चार बोल्ट मारून भिंतीत घट्ट करतो." हा म्हणाला, "नको, रंग नवा आहे."

काल दुपारी मी न्हाणीत होते, घरात एकटीच. आतल्या खोलीत फरशीवर लोखंड घासल्याचा आवाज आला. वाटलं, थोरला लवकर आला. हाक मारणार, तोच अनोळखी आवाज म्हणाला, "फोडत बसू नकोस, अख्खी उचल."

कडी लावलेलीच होती, तरी ती दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. पावलं न्हाणीच्या दाराशी येऊन थांबली. दात वाजायला लागले, म्हणून टॉवेल तोंडात कोंबला. मग पावलं गेली, पण अर्धा तास मला कडी काढवेना.

संध्याकाळी थोरला रिकाम्या कोपऱ्याकडे बघत म्हणाला, "आई, पोलीस शोधतील गं."

मी पिठाचा डबा त्याच्यापुढे आदळला.

"शोधू देत. पण सगळं एका पेटीत बांधून चोरांच्या हाती तूच दिलंस. यापुढे या घरातल्या चिठोऱ्यालासुद्धा तू हात लावायचा नाहीस."